चारचे दोन अर्थ दाखवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पवईच्या ऑफिसात त्या संध्याकाळी आपण माझा पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) तपासायला थांबलात, त्याचे आभार तेव्हा धड मानले नव्हते. लिनक्स कर्नलमधल्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, एका जुन्या ड्रायव्हरमध्ये (उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये) उघडे, म्हणजे अर्थ न सांगणारे, आकडे विखुरलेले होते आणि त्यांना नावे देण्याचे काम मला निव्वळ कारकुनी वाटत होते. म्हणून ४ दिसेल तिथे एकच नाव घालून मी तासाभरात मोकळी झाले होते.

आपण लागोपाठच्या दोन ओळींवर बोट ठेवलेत. एकीत ४ हा पीसीआय उपकरणाच्या, म्हणजे संगणकाला पीसीआय जोडणीने लावलेल्या उपकरणाच्या, कमांड रजिस्टरचा (उपकरणाला हुकूम देण्याच्या छोट्या कप्प्याचा) पत्ता होता. दुसरीत तोच ४ म्हणजे उपकरणाला स्वतःहून मेमरी वाचू-लिहू देणारा, त्याच रजिस्टरमधला बस मास्टर बिट होता. कर्नलच्या हेडरमध्ये (सामायिक नावांच्या फाइलमध्ये) दोहोंना 'पीसीआय_कमांड' आणि 'पीसीआय_कमांड_मास्टर' अशी नावे आधीपासून आहेत, हे मी शोधलेसुद्धा नव्हते.

४०९६ च्या बाबतीत तर याहून मोठा घोटाळा झाला असता. एक्स८६ वर, म्हणजे नेहमीच्या इंटेल-एएमडी प्रोसेसरवर, मेमरीचे पान (कर्नल मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत हाताळतो तो तुकडा) ४०९६ बाइटचे असते, म्हणून मी सरसकट 'पेज_साइझ' लिहिले. त्यातला एक ४०९६ मात्र उपकरणाच्या फर्मवेअरने (त्याच्या आतल्या प्रोग्रामने) ठरवलेल्या बफरची, म्हणजे माहिती तात्पुरती ठेवण्याच्या जागेची, लांबी होती. ६४-बिट आर्म प्रोसेसरवर कर्नल १६ किंवा ६४ किलोबाइटच्या पानांसाठीही बांधता येतो, आणि तिथे माझ्या सुबक नावाने फर्मवेअरला चौपट किंवा सोळापट लांबी कळवली असती. आमच्या टेबलावरच्या यंत्रावर मात्र सारे सुरळीत चालले असते. त्या बफरला नाव देण्याआधी आपण मला उपकरणाची डेटाशीट (तांत्रिक माहितीपत्रक) वाचायला लावलेत. तेव्हा मी चिडले होते, हे आता कबूल करते.

फाइल कोणी वाचावी-लिहावी हे ठरवणारा परवानग्यांचा ०६४४ मात्र आपण बदलू दिला नाहीत, कारण तिथे कर्नलची रीत उलटी आहे आणि चेकपॅच हे कर्नलचे पॅच-तपासणीचे साधन अक्षरी नावांऐवजी अष्टमान आकडाच सुचवतो. (अपवाद सांगताना इतके खुश होणारे माणूस मी पहिल्यांदाच पाहिले.)

पॅचच्या आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कोडपासून बनलेली यंत्रभाषेतली फाइल) डिसअसेंबल करून, म्हणजे वाचता येणाऱ्या सूचनांत उलगडून, ताडून पाहण्याची युक्तीही आपलीच. नुसती नावे बदलली असतील तर यंत्राच्या सूचना बदलता कामा नयेत. आमच्या यंत्रावर आकडे तेच राहत असल्याने माझा चुकीचा पॅचही या परीक्षेत उत्तीर्ण झाला असता, हेही आपण लगेच जोडलेत.

सारे जुळेपर्यंत साडेदहा वाजले आणि कांजूरमार्गहून आपली नेहमीची कल्याण लोकल चुकली. तेवढ्याबद्दल दिलगीर आहे. बाकी सगळ्याबद्दल मनापासून आभारी आहे.

आपली,
एक कनिष्ठ सहकारी