वैज्ञानिक संघटनांनी आपला हजेरीपट नीट तपासावा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जानेवारी २०२३ मध्ये भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८ वे अधिवेशन नागपूरला राष्ट्रसंत तुकडोजी महाराज विद्यापीठात भरले, तेव्हा शाश्वत विकासासाठीचे विज्ञान-तंत्रज्ञान आणि त्यासोबत महिलांचे सक्षमीकरण हा त्याचा मुख्य विषय होता. हा विषय विदर्भात मांडला गेला याचा मला मनापासून आनंद झाला होता. त्यालाच लागून असलेला एक प्रश्न आपल्या पत्रातून विचारावासा वाटतो. आपल्या वैज्ञानिक अकादम्या आणि विषयवार संघटना आपल्यात कोण आहे, कोण नाही आणि जे आहेत त्यांच्या वाट्याला काय येते, याची पद्धतशीर तपासणी कधी करतात का?

मी यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याजवळच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि एका राष्ट्रीय संघटनेची आजीव सभासद आहे. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी त्या संघटनेच्या अधिवेशनाला आली. ती कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची. राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात साठवलेले ज्वारीचे बियाणे किती उगवते, हे तिने ओल्या गोणपाटावर शंभर-शंभर दाणे मांडून, रोज सकाळी कोंब मोजून तपासले होते. नोंदणी शुल्क आम्ही शिक्षकांनी वर्गणी करून भरले, पहाटेच्या एसटीने निघालो, आणि तिचे पोस्टर जेवणाच्या मंडपाकडे जाणाऱ्या बोळात लागले. एक परीक्षक आले. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारला, ती क्षणभर अडखळली, आणि तिने मराठीत सुरुवात करेपर्यंत ते पुढच्या पोस्टरकडे वळले होते. तिच्या वहीत सगळ्या नोंदी होत्या; ती उघडण्याची वेळच आली नाही. पुढे अहवालात महिला प्रतिनिधींची संख्या समाधानकारक असल्याचे छापून आले आणि त्या संख्येत तीही होती. दुसऱ्या वर्षी तिने सभासदत्व पुढे चालू ठेवले नाही. वर्गणीची आठवण करून देणारे छापील पत्र आले, पण का सोडले असे कोणी विचारले नाही.

विविधता, समन्याय आणि समावेशकता हे शब्द हल्ली एका दमात उच्चारले जातात, परंतु त्यांचे मोजमाप वेगवेगळे आहे. किती स्त्रिया आल्या, हे विविधतेचे मोजमाप झाले. आलेल्यांपैकी कोणाला तोंडी सादरीकरण मिळाले, सत्राचे अध्यक्षपद कोणाकडे गेले, पुरस्कार समितीवर कोण होते, प्रवासखर्च कोणाला मिळाला, यावरून समन्याय कळतो. समावेशकता कळायची असेल, तर सभासदांनाच आणि विशेषतः सोडून गेलेल्यांना विचारावे लागते. ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने आपल्या नियतकालिकांकडे आलेल्या ७ लाखांहून अधिक हस्तलिखितांचा अभ्यास करून २०१९ मध्ये दाखवून दिले, की लेखन, परीक्षण, स्वीकृती अशा प्रत्येक टप्प्यावर स्त्रियांच्या बाबतीत पडणारा फरक लहान असतो, पण तो साचत जातो. नुसती शेवटची बेरीज पाहणाऱ्याला ही गळती नेमकी कुठे होते ते दिसत नाही. त्याच देशात सायन्स कौन्सिल आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंग यांनी व्यावसायिक संस्थांसाठी एक चौकट आखली असून तीत नेतृत्व, सभासदत्व, परिषदा, पुरस्कार अशा एकेका कामात आपण चारपैकी कोणत्या पायरीवर आहोत, हे संस्थेने स्वतः तपासायचे असते. ती चौकट जशीच्या तशी उचलावी असे मी म्हणत नाही, कारण आपल्याकडचे भेद वेगळे आहेत.

आपल्याकडे या गोष्टीला किती वेळ लागतो पाहा. १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, यांना केवळ मुलगी म्हणून प्रवेश नाकारला गेला आणि त्यांनी आग्रह धरल्यावर अटी घालून दिला गेला. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी १९३५ मध्ये स्थापन झाली; तिच्या अध्यक्षपदी पहिली स्त्री, चंद्रिमा शहा, २०२० मध्ये आली. अशा मानाच्या सभासदत्वासाठी नाव सुचवणारे सहसा आधीचे सभासदच असतात, त्यामुळे ज्यांची त्यांच्याशी कधी गाठच पडत नाही, त्यांचे नाव यादीपर्यंत पोहोचणार कसे?

जातीचा प्रश्न निघाला की विज्ञानात जात नसते असे सांगून विषय संपवला जातो. हे मला मान्य नाही. सभासदांनी जातीची माहिती देणे ऐच्छिक असावे, ती गोपनीय राहावी आणि केवळ एकत्रित आकडे प्रसिद्ध व्हावेत, हे उघडच आहे. एखाद्या विभागात एकच आदिवासी सभासद असेल, तर आकड्यावरूनही तो ओळखू येतो. अशा ठिकाणी दोन-तीन विभाग एकत्र करून आकडा द्यावा. पण त्या भीतीने मोजणेच सोडून देणे योग्य नव्हे. स्त्री-पुरुष, सामाजिक प्रवर्ग आणि अपंगत्व यांच्या जोडीला शिक्षणाची भाषा, महाविद्यालय ग्रामीण की शहरी, आणि घरात पदवीधर होणारी ही पहिलीच पिढी का, हेही विचारले पाहिजे. आमच्या भागातील मुलांची वाट बहुधा याच तीन ठिकाणी अडते. अधिवेशनाच्या अर्जात जेवण शाकाहारी की मांसाहारी हा रकाना असतो, मग तुम्ही कोणत्या भाषेत बोलणार, हा एक रकाना वाढवायला काय अडचण आहे?

माझी मागणी मर्यादित आहे. प्रत्येक संघटनेने आपल्या मागील पाच अधिवेशनांतील वक्ते, सत्राध्यक्ष, परीक्षक आणि पुरस्कारप्राप्त यांची अशी वर्गवारी करून ती सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी आणि सभासदत्व सोडणाऱ्यांना कारण विचारावे. माझ्या संघटनेच्या कार्यकारिणीला हे मी लेखी कळवले आहे. विदर्भातील तालुक्याच्या गावी विज्ञान शिकवणाऱ्या इतर शिक्षकांनीही आपापल्या संघटनेकडे हीच मागणी करावी, अशी त्यांना विनंती आहे.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका,
जि. यवतमाळ