'वजन कमी करा' एवढे लिहून भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हृदयविकाराच्या झटक्यातून किंवा कर्करोगाच्या उपचारांतून वाचलेल्या माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर अनेकदा एक ओळ असते : 'वजन कमी करा.' किती, कधीपासून आणि कशासाठी, याचा पत्ता नसतो. जीव वाचलेला माणूस तेव्हा काहीही करायला तयार असतो. त्याची ती जिद्द उपाशी राहण्यात खर्ची पडते, याचे फार वाईट वाटते.

आजारपणात स्नायू आधीच झिजलेले असतात. मांड्या बारीक होतात, पोट तसेच राहते. अशात जेवण एकदम तोडले की चरबीबरोबर उरलेसुरले स्नायूही जातात. पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो तो वेगळाच. म्हणून जखम भरून तब्येत स्थिरावेपर्यंत वजनाच्या मागे लागू नये. पुढेही आठवड्याला अर्धा किलो पुष्कळ झाले. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरले तरी रक्तदाब आणि साखरेत फरक दिसतो. उंचीला साजेशा वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, तीही दिवसभरात विभागून. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

ध्येय मात्र किलोत धरू नये, कामात धरावे : दोन जिने न थांबता चढणे, नातवंडाला उचलून घेणे, पुन्हा कामावर उभे राहणे. डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली की दर पंधरवड्याला एक चाचणी घरीच करता येते. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा, जवळ कुणाला तरी उभे करा, हात छातीवर दुमडा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजा. छातीत दुखले किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा. वजन उतरते आहे आणि हा आकडा टिकतो किंवा वाढतो आहे, तर दिशा बरोबर. दोन्ही घसरत असतील तर स्नायू जात असावेत. जेवण वाढवा आणि ताकदीच्या व्यायामासाठी फिजिओथेरपिस्टला गाठा. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) चालू असेल तर श्रम वाढले तरी नाडी तितकी वाढत नाही, तेव्हा नाडीवर विसंबू नये. चालताना बोलता यावे, गाता येऊ नये, एवढा वेग ठेवावा.

काटाही फसवतो. हृदय कमजोर असलेल्याचे वजन दोन-तीन दिवसांत २ किलो वाढले तर ते पाणी असू शकते. जेवण तोडत न बसता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. उलट, काही न करता सहा महिन्यांत ५ टक्के वजन उतरले तर खूश न होता तपासणी करून घ्यावी. वजन उतरले की रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या जुन्या गोळ्या जास्त होऊ शकतात. उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येणे, घाम, थरथर ही त्याची लक्षणे. गोळी मनाने बंद करू नये, पण डोस लवकर तपासून घ्यावा.

रुग्णालयांना विनंती आहे : डिस्चार्ज कार्डावर वजन कधीपासून उतरवायचे, प्रथिने किती, किती किलो उतरल्यावर औषधे तपासायला यायचे आणि रुग्णाने स्वतः निवडलेले एक काम, एवढे लिहून द्यावे. ते काम कोणते, हे डॉक्टरांनी रुग्णालाच विचारावे, नातेवाइकांना नव्हे.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट