जुना चेंडू चालेल, रंगवलेला नको

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत हौशी गोल्फरांना दिलेला सल्ला वाचला. शिकायला लागल्यापासूनच नवे आणि भारीतले चेंडू घ्यावेत, वापरलेल्या चेंडूंनी हाताला वाईट सवयी लागतात, असा त्याचा मथितार्थ. लेखक खेळाडू म्हणून माझ्यापेक्षा कितीतरी सरस असणार, त्याबद्दल वाद नाही. माझा हॅंडिकॅप २४ आहे, म्हणजे मैदानाच्या ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण चोवीस जास्त लागतात, आणि ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, चांगला बसलाच तर १७० यार्ड जातो. पण चेंडूबद्दल दोन शब्द बोलायचा अधिकार मला आहे, कारण मी ३१ वर्षं टायरच्या कारखान्यात रबर कंपाउंडिंग, म्हणजे रबरात रसायनं मिसळण्याचं काम, केलं. फौजेतून निवृत्त झालेल्या मेहुण्यांच्या नादाने ५४व्या वर्षी गोल्फला लागलो, तेव्हा पहिल्याच दिवशी माझं लक्ष क्लबकडे, म्हणजे फटका मारायच्या काठीकडे, गेलं नाही. मी एक फुटका चेंडू घरी आणला आणि करवतीने मधोमध कापला.

आत होतं पॉलिब्युटाडीन नावाचं कृत्रिम रबर. आमच्या टायरच्या साइडवॉलमध्ये असतं तेच, पण टायरमध्ये आम्ही ते गंधकाने क्युअर करतो, म्हणजे तापवून पक्कं करतो, आणि चेंडूच्या गाभ्यात ते झिंकचं अॅक्रिलेट आणि पेरॉक्साइड घालून घट्ट बांधलेलं असतं. त्यामुळे ते कडकही होतं आणि उसळतंही. बाहेरचं कवच दोनपैकी एक. एक सर्लिनसारखं आयोनोमर प्लॅस्टिक, कडक, सहजी न कापलं जाणारं. दुसरं युरेथेनचं, मऊ, ग्रीनजवळ (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीजवळ) वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) मारल्यावर फिरकी धरणारं. आता मला सांगा, असा गाभा दोन-चार फेऱ्यांत मरतो का? ज्या रबराला फटके खायलाच बांधलंय ते माझ्यासारख्याच्या पंधरा-वीस फटक्यांनी थकत नाही. कवचावर खरचटा उठतो, तो मात्र बघावा लागतो. काँक्रीटच्या पायवाटेवर आपटून कवचाचं साल निघालं असेल तर तो चेंडू हवेत वाकडा जातो. पेनाची खूण, कुठल्यातरी कंपनीचा लोगो, थोडा पिवळटपणा, यांनी काही बिघडत नाही.

आता हिशेब. आमच्या मैदानावरच्या दुकानात भारीतल्या युरेथेन चेंडूंचा डझन चार हजार आठशेला आहे, म्हणजे नग चारशे. पावसाळ्यातले दिवस वगळता मी आठवड्याला दोनदा खेळतो, वर्षाच्या साधारण नव्वद फेऱ्या. फेरीला तीन चेंडू हरवतो. (मेहुणे म्हणतात, चार.) २७० चेंडू गुणिले चारशे, एक लाख आठ हजार रुपये. तेच चेंडू वापरलेले, आमच्या मैदानावरचे जुने कॅडी (खेळाडूची बॅग वाहणारे) मामा यांच्याकडून शंभराच्या भावाने घेतले तर सत्तावीस हजार. उरलेल्या एक्क्याऐंशी हजारांत माणूस वर्षभर प्रशिक्षकाकडे जाईल, आणि त्याने खेळ नक्की सुधारेल.

पण पैसा हा माझा मुख्य मुद्दा नाही. लेखकमहाशय म्हणतात ती वाईट सवय लागते खरी, पण ती नव्या चेंडूने लागते. कुठल्याही शनिवारी सकाळी आमच्या तळ्याच्या होलवर उभे राहा. नव्या चेंडूने खेळणारा माणूस टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, येतो, समोर पाणी बघतो, थबकतो, आणि बॅगेच्या खालच्या कप्प्यात हात घालून एखादा काळवंडलेला, कुणाचा कुठला चेंडू बाहेर काढतो. म्हणजे फटका मारायच्या आधीच त्याने स्वतःला सांगितलं की हा पाण्यात जाणार. जातोच. आणि चुकून पलीकडे गेला, तर पुढे ग्रीनवर त्याच अनोळखी चेंडूने पट (होलकडे घरंगळवणारा हलका फटका) करावा लागतो. युरेथेनला सवयीचा झालेला हात कडक कवचाच्या चेंडूला तेवढाच जोर लावतो आणि तो होलच्या चार फूट पुढे निघून जातो. माझं म्हणणं इतकंच की चेंडू जुना असू द्या, पण एकाच बनावटीचा असू द्या आणि अठराही होलना तोच खेळा. पाणी असो वा नसो. हाताला सवय लागते ती एकसारखेपणाने. मामा माझ्यासाठी एकच मॉडेल वेगळं काढून ठेवत आले आहेत, वर्षभर मी दुसऱ्याला हात लावत नाही.

नव्या चेंडूचा आणखी एक त्रास मी डोळ्यांनी पाहिला आहे. हरवलेला चेंडू नियमाने शोधायला तीन मिनिटं मिळतात, २०१९पासून. आधी पाच होती. गेल्या सप्टेंबरात आमच्या चौकडीतल्या एका गृहस्थांचा त्या दिवशीच डबीतून काढलेला चेंडू उजवीकडच्या गवतात गेला. तीन मिनिटं झाली, सात झाली, मागची मंडळी कमरेवर हात ठेवून उभी. हे गुडघाभर ओल्या गवतात क्लबने गवत बाजूला सारत पुढेपुढे. आमचा आगेवाला, म्हणजे पुढे राहून चेंडू कुठे पडतो ते बघणारा माणूस, एकदम ओरडला, "साहेब, हलू नका!" दीड हातावर घोणस वेटोळं घालून पडली होती. कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढत होती, आणि आम्हाला इतका वेळ वाटत होतं की लांब कुठेतरी स्प्रिंकलर सुरू झालाय. गृहस्थ मागे आले, घामाने डबडबलेले, आणि पहिलं वाक्य काय बोलले? "चारशेचा होता हो." शंभराचा असता तर ते गवतात शिरलेच नसते.

मामांबद्दल थोडं सांगतो. वय साठीच्या आसपास, येरवड्यातच लहानाचे मोठे झाले, चाळीस वर्षं कॅडी आहेत. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांच्याकडे साखरेच्या पोत्यातून शिवलेल्या तीन पिशव्या असतात. एक नंबर, दोन नंबर आणि 'पाण्यातला'. भाव शंभर, साठ, तीस. पिशवीत टाकण्यापूर्वी ते चेंडू बोटांत फिरवून नखाने कवचावर एक रेघ ओढून बघतात, मग कानाजवळ नेऊन दुसऱ्या चेंडूवर टिचकवतात. आवाज बसका आला की पिशवी बदलते. आमच्या प्रयोगशाळेत यासाठी यंत्र होतं आणि त्याला दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन लागायचं. मी माझ्या चेंडूंवर हिरव्या मार्करने दोन ठिपके देतो, आणि हे ठिपके असलेला चेंडू मी मामांकडून आजवर तीनदा पुन्हा विकत घेतला आहे. तिसऱ्यांदा त्यांनी पन्नासच घेतले.

'पाण्यातला' ही पिशवी वेगळी का, हे मात्र लेखात यायला हवं होतं, कारण वापरलेल्या चेंडूंवर लेखकांचा जो राग आहे तो खरं तर या पिशवीवर असायला हवा. कवच कितीही चांगलं असलं तरी पाण्याची वाफ त्यातून हळूहळू आत शिरते. गाभ्याला ओल लागू नये म्हणून चेंडूवाल्या कंपन्यांनी मध्ये अडसराचे थर घालण्याची पेटंटं घेतली आहेत, ती काही उगाच नाहीत. एक दिवस तळ्यात पडलेल्या चेंडूला काही होत नाही. महिनोन्महिने चिखलात रुतलेल्याची उसळी जाते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. धुतला की तो चकचकीत दिसतो. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी वजन करून पाहिलं, तिथेही फरक कळला नाही. शेवटी उपाय सापडला तो गॅलरीतल्या शहाबादी फरशीवर. भिंतीवर पेन्सिलने खूण केली, त्या उंचीवरून एक नवा चेंडू आणि एक संशयित चेंडू एकदम सोडले. चांगला जुना चेंडू नव्याच्या बरोबरीने वर येतो, तळ्यातला मुरलेला चार बोटं खाली राहतो. खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी दोनदा वर येऊन चौकशी केली, तेव्हापासून हा प्रयोग दुपारी चारनंतरच करतो.

आणि एक धडा मी पैसे मोजून शिकलो. तीन वर्षांपूर्वी इंटरनेटवर 'रिफर्बिश्ड' म्हणून दोन डझन मागवले. पांढरेशुभ्र, कंपनीचं नाव ठसठशीत, डबीसुद्धा झकास. तिसऱ्या होलवर वेजचा फटका मारला आणि क्लबच्या खाचांत पांढरा रंग खरवडून बसला. पुढच्या होलवर चेंडूवरच्या रंगाची पापडी उडाली. खाली दुसऱ्याच कंपनीचं नाव! जुना रंग काढून, कसाबसा घासून, वर नवा थर चढवला होता. यात फसवणूक तर आहेच, पण रबरवाल्याला त्याहून जास्त खटकलं ते दुसरंच. चेंडूवरच्या खळग्यांची खोली साधारण पाव मिलिमीटर असते. तिथे रंगाचा जाड थर दिला की खळगा बुजतो, आणि चेंडू हवेत तरंगतो तो या खळग्यांच्या जोरावर. अगदी गुळगुळीत चेंडू नेहमीच्या जेमतेम निम्म्या अंतरावर पडतो. तेव्हा 'वापरलेला' आणि 'रंगवलेला' हे दोन वेगळे माल आहेत, एका तागडीत तोलू नयेत. ज्या स्पर्धेत मान्यताप्राप्त यादीतलेच चेंडू वापरण्याची अट असते तिथेही रंगवलेला चालत नाही. नुसता वापरलेला चालतो.

खळग्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. जुन्या चेंडूला नाकं मुरडणाऱ्यांनी या खेळाचा इतिहास बघावा. १८४८च्या सुमाराला पिसं भरलेल्या कातडी चेंडूच्या जागी गुट्टा-पर्चाचा चेंडू आला, झाडाच्या चिकापासून केलेला. नवा असताना तो गुळगुळीत होता आणि धड उडत नसे. खेळून खेळून त्याला खाचा पडल्या की चांगला उडायचा. लोकांच्या ते लक्षात आलं, मग नव्या चेंडूवर मुद्दाम हातोड्याने खुणा पाडू लागले. पुढे १९०५मध्ये लेस्टरच्या विल्यम टेलर यांनी आजच्यासारख्या खळग्यांचं पेटंट मागितलं. म्हणजे दुकानातल्या कोऱ्या चेंडूला जे खळगे असतात ती मुळात जुन्या चेंडूची नक्कल आहे.

गंमत म्हणजे याच लेस्टरजवळच्या एका मैदानाच्या तळ्यातून रात्री पाणबुड्याचा पोशाख घालून चेंडू काढणाऱ्या एका माणसाला २००२ साली चोरीबद्दल सहा महिन्यांची कैद झाली होती. अपिलात कैद रद्द होऊन तो बाहेर आला, चोरीचा ठपका मात्र राहिला. हे आठवायचं कारण असं की आमच्याही फलकावर दोन महिन्यांपूर्वी सूचना लागली आहे. सापडलेले चेंडू कॅडींनी परस्पर विकू नयेत, दुकानात जमा करावेत. दुकान ते धुऊन, डबीत भरून, नगाला अडीचशेने विकतं. एक नंबर, दोन नंबर आणि पाण्यातला, सगळे एकाच डबीत. मी व्यवस्थापनाला भेटलो. चेंडू मैदानाच्या मालकीचे, असं उत्तर मिळालं. असतीलही, पण मग मी हरवला तेव्हा तो माझा होता आणि ठिपके माझे होते, त्याचं काय? चाळीस वर्षं उन्हात फिरून ज्याचं नख तयार झालं त्याच्या हातून निवडीचं काम काढून घेतलं, त्यामुळे नुकसान मामांचं तर झालंच, गिऱ्हाइकाचंही झालं. सदस्यांनी मिळून मागणी केली आहे की तळ्याचा गाळ काढताना निघणारे चेंडू मैदानाने ठेवावेत आणि गवतातले शोधणाऱ्याचे असावेत. अजून उत्तर नाही.

हे चेंडू गवतात, गाळात तसेच पडू देणं हाही काही पर्याय नाही. कॅलिफोर्नियात समुद्रकाठच्या मैदानांखाली एका शाळकरी मुलीने वडिलांबरोबर बुड्या मारून दोन वर्षांत ५०,६८१ चेंडू वर काढले, वजन अडीच टन. त्यावरचा शोधनिबंध २०१९मध्ये प्रसिद्ध झाला. लाटांनी घासून काही चेंडूंची कवचं पार गेली होती. आत काय असतं ते मी कापून पाहिलंय, त्यातलं झिंक माशांच्या पोटात जावं असं काही नाही.

ज्यांना जुना नकोच, त्यांनी दीडशेच्या आसपास मिळणारा साधा दोन थरांचा नवा चेंडू घ्यावा. आमच्यासारख्यांच्या वेगाला तो पुरून उरतो. चारशेचा चेंडू ज्यांच्या वेजला खरोखर फिरकी असते त्यांनी घ्यावा, आणि अशांना पुरवणीतल्या सल्ल्याची गरज नसते.

राहता राहिला माझ्याकडचा एकमेव नवा डबा. मुलाने न्यू जर्सीहून येताना आणलेला. तो दर वेळी फोनवर विचारतो, "बाबा, ते वापरले का?" मी हो म्हणतो. त्यातला एक काढलाय खरा, गॅलरीत शहाबादीवर सोडायला. बाकीचे अकरा कपाटात आहेत.

आपला,
एक निवृत्त रबर-तंत्रज्ञ,
विश्रांतवाडी, पुणे