रात्री अडीच वाजता वॉर्डात कोण धावून येते, आणि त्याचा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा? वैद्यकीय शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांशी संलग्न रुग्णालयांत मी ३१ वर्षे नोकरी केली आणि परिसेविका, म्हणजे वॉर्डाची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले. वॉर्डात दाखल असलेल्या रुग्णाची प्रकृती अचानक खालावू लागली, तर त्याचे हृदय बंद पडण्याची वाट न पाहता खाटेपाशी पोहोचणारे पथक, म्हणजे रॅपिड रिस्पॉन्स टीम, आपल्या रुग्णालयांत कशी उभी करावी, याविषयी हे पत्र आहे. असे पथक परिचारिकांच्या नेतृत्वाखाली असावे की डॉक्टरांच्या, हा प्रश्न निघाला की चर्चा वेतनश्रेणीपाशी येऊन थांबते. तो हिशेब ज्या पद्धतीने मांडला जातो, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

आधी तोच हिशेब पाहू. एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायची, तर आठवड्याला २१ पाळ्या होतात. एका व्यक्तीच्या ६ पाळ्या धरल्या आणि रजेवर जाणाऱ्यांच्या बदलीसाठी ३० टक्के जादा माणसे धरली, तर एका जागेसाठी ५ माणसे लागतात. सातव्या वेतन आयोगानुसार अधिपरिचारिकेचे, म्हणजे वॉर्डातल्या स्टाफ नर्सचे, सुरुवातीचे मूळ वेतन ३५,४०० रुपये आणि गट अ वैद्यकीय अधिकाऱ्याचे ५६,१०० रुपये आहे. म्हणजे भत्ते सोडून पाच परिचारिकांचे महिन्याला १,७७,००० आणि पाच डॉक्टरांचे २,८०,५०० रुपये होतात. फरक वर्षाला १२,४२,००० रुपयांचा. एवढ्यावर निर्णय घ्यायचा, तर परिचारिकांचे पथक सरळसरळ स्वस्त ठरते.

प्रत्यक्षात मात्र उलटेच घडते. डॉक्टरांचे पथक म्हणून आपल्याकडे पाच नवे वैद्यकीय अधिकारी कोणी मागत नाही. त्या रात्री ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरचेच, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेत असलेल्या डॉक्टरचेच, नाव पथकाच्या यादीत लिहिले जाते आणि खर्चाच्या रकान्यात शून्य पडते. परिचारिकांच्या पथकासाठी मात्र पदनिर्मिती करावी लागते, म्हणून तो प्रस्ताव महाग दिसतो. हे शून्य खरे नाही, हे मी वॉर्डात उभी राहून पाहिले आहे.

आतड्याला छिद्र पडल्यामुळे शस्त्रक्रिया झालेला, चाळिशीतला एक शेतकरी दुसऱ्या रात्री माझ्या वॉर्डात होता. अडीचच्या सुमारास मी त्याच्या छातीवर हात ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ते ३२ भरले. नाडी १२८ होती. ताप, नाडी आणि श्वास लिहायच्या टीपीआर चार्टवर मात्र आदल्या चारही नोंदींत श्वास २० असे लिहिलेले होते, कारण ६० खाटांमागे दोन सिस्टर असताना श्वास मोजला जात नाही, तो लिहिला जातो. डॉक्टरांना बोलावण्यासाठी असलेल्या वहीत, म्हणजे कॉल बुकमध्ये, मी कॉल लिहून मामांच्या, म्हणजे वॉर्डातल्या शिपायाच्या, हाती पाठवला. एक निवासी डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये हात धुऊन उभे होते, दुसरे कॅज्युअल्टीत अपघाताच्या तीन रुग्णांत अडकलेले होते. दोघांचाही दोष नव्हता. डॉक्टर आले तेव्हा ३ वाजून ५० मिनिटे झाली होती आणि रुग्णाचा वरचा रक्तदाब ७० वर उतरला होता. तो वाचला, पण अकरा दिवस अतिदक्षता विभागात राहिला. त्या ऐंशी मिनिटांत ऑक्सिजन लावण्यापलीकडे स्वतःच्या अधिकारात मी काही करावे, असा लेखी आदेश माझ्याकडे नव्हता. सलाईन जोरात सोडायलासुद्धा मला सही हवी होती. या ऐंशी मिनिटांचा आणि अकरा दिवसांच्या खाटेचा खर्च कोणत्याच पथकाच्या नावावर पडला नाही.

बाहेरचा अनुभव काय सांगतो, तेही मांडते. सिडनीच्या लिव्हरपूल रुग्णालयात १९९० साली असे पथक सुरू झाले, ते डॉक्टरांचे होते. इंग्लंडमध्ये २००० नंतर अतिदक्षता विभागातील अनुभवी परिचारिकांच्या नेतृत्वाखाली वॉर्डात जाणारी पथके वाढली. ऑस्ट्रेलियातील २३ रुग्णालयांत झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत डॉक्टरांच्या पथकाचा ठळक फायदा दिसला नाही. बोलावण्याचे निकष पूर्ण होऊनही पथकाला बोलावलेच गेले नाही, असे प्रसंग त्यात पुष्कळ होते. पुढे २०१५ साली २९ अभ्यास एकत्र तपासले गेले. अशा व्यवस्थेमुळे रुग्णालयातील मृत्यू आणि हृदय बंद पडण्याचे प्रसंग कमी होतात असे त्यात दिसले, पण पथकात डॉक्टर असण्याचा मृत्यू कमी होण्याशी स्पष्ट संबंध आढळला नाही. याचा अर्थ डॉक्टर नकोत, असा मी मुळीच काढत नाही. वेळेवर बोलावणे गेले का आणि जो आला त्याला काही करण्याचा अधिकार होता का, याला पदवीइतकेच महत्त्व आहे, एवढाच अर्थ मी काढते.

खर्चाबाबत नेदरलँड्समधील एका विद्यापीठ रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया विभागाचा २०१४ साली प्रसिद्ध झालेला हिशेब आपल्या अधिकाऱ्यांनी जरूर पाहावा. तिथे या व्यवस्थेचा खर्च प्रत्येक रुग्णामागे दिवसाला सुमारे २७ युरो आला. त्यात पथकाच्या प्रत्यक्ष भेटींचा वाटा जेमतेम २ टक्के होता आणि परिचारिकांनी अधिक वेळा निरीक्षणे नोंदवण्याचा ८ टक्के. तब्बल ८५ टक्के खर्च अतिदक्षता विभागातील वाढीव दिवसांचा होता. लवकर धावून गेले की पैसे वाचतात, असे म्हणणे मलाही आवडले असते, पण ते सरसकट खरे नाही. रुग्ण लवकर लक्षात येऊ लागले की वर, म्हणजे अतिदक्षता विभागात, हलवले जाणारे रुग्णही वाढतात. म्हणून खरा आर्थिक निर्णय पथकात कोणाचा पगार किती, हा नसून, या रुग्णाला वॉर्डातच सांभाळता येईल की अतिदक्षता विभागात न्यावे लागेल, हा आहे. त्या निर्णयाला भूलशास्त्र किंवा वैद्यकशास्त्र विभागातील वरिष्ठ डॉक्टर लागतोच, आणि त्याचा वेळही खर्चात धरला पाहिजे.

त्यामुळे माझी विनंती अशी आहे की निवडक वैद्यकीय महाविद्यालयांत एक वर्षासाठी परिचारिकांच्या नेतृत्वाखालील पथक स्वतंत्र पदांसह सुरू करावे. ही पदे वॉर्डातून काढून घेऊ नयेत. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. जिथे तीसमागे एक आहे, तिथून आणखी एक उचलली, तर पथकाला बोलावणारेच कोणी उरणार नाही. पथकातील सिस्टरला ऑक्सिजन, शिरेतून ठरावीक प्रमाणात द्रव, ईसीजी, रक्तातील साखर आणि रक्ततपासणीचे नमुने यांसाठी लेखी स्थायी आदेश, म्हणजे दर वेळी डॉक्टरची सही न लागणारी कायमची परवानगी, द्यावेत आणि वरिष्ठ डॉक्टरने फोन उचलण्याची व खाटेपाशी येण्याची वेळ त्याच आदेशात लिहावी. अतिदक्षता परिचर्येचा दोन वर्षांचा नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम देशात सुरू झालेला आहे. तो पूर्ण केलेल्या परिचारिकांना पुन्हा सामान्य पाळीत उभे करणे हे शासनाच्याच पैशांचे नुकसान आहे.

बोलावणे कधी पाठवायचे, हे सिस्टरच्या धाडसावर सोडू नये. इंग्लंडमध्ये २०१२ पासून वापरात असलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या गुणपद्धतीत श्वास, ऑक्सिजनची पातळी, रक्तदाब, नाडी, शुद्धीची अवस्था आणि तापमान यांना गुण देतात. बेरीज ५ झाली की तातडीने तपासणी आणि ७ झाली की आणीबाणी. हा तक्ता एका कागदावर मावतो. माझ्या त्या रुग्णाचे निव्वळ श्वास आणि नाडी यांचेच ५ गुण झाले असते, आणि मग मामांना कॉल बुक घेऊन जिने चढावे लागले नसते.

या वर्षाचा जमाखर्च मात्र पूर्ण मांडावा. निवासी डॉक्टर दुसरे काम सोडून किती मिनिटे वॉर्डात आला, बोलावणे आणि पोहोचणे यांत किती वेळ गेला, रुग्ण वॉर्डात राहिला की वर गेला आणि तिथे किती दिवस राहिला, हे प्रत्येक प्रसंगी लिहून ठेवावे. ज्या रुग्णालयांत सध्याची डॉक्टरांचीच व्यवस्था सुरू राहील, तिथेही त्याच वर्षी याच नोंदी ठेवाव्यात, म्हणजे शून्याचा तो रकाना तिथेही भरला जाईल. या नोंदींचा नमुना तयार करण्याच्या समितीवर वॉर्डात रात्रपाळी करणारी किमान एक अधिपरिचारिका असावी, ही शेवटची विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका