पोच नाही, म्हणून विलंबही नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

28 एप्रिल हा दिवस राज्यात ‘सेवा हक्क दिन’ म्हणून पाळला जातो. 2015 साली त्या दिवशी लोकसेवा हक्काचा अध्यादेश अमलात आला आणि पुढे त्याचा कायदा झाला. दाखला, उतारा, नोंद ही मेहरबानी नाही, ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा हक्क आहे, असे या कायद्याने सांगितले. कायदा चांगला आहे, आणि म्हणूनच त्यातल्या एका फटीबद्दल लिहावेसे वाटते.

वडील गेल्यानंतर घरपट्टीच्या नोंदीला आईचे नाव लावायचे होते. पहिल्या खेपेला खिडकीवर कागद चाळले गेले आणि ‘प्रतिज्ञापत्र नाही’ म्हणून गठ्ठा परत मिळाला. दुसऱ्या खेपेला प्रतिज्ञापत्र चालले, पण चालू वर्षाच्या घरपट्टीची पावती हवी होती. तिसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. चौथ्या दिवशी मृत्यू दाखल्याची साक्षांकित प्रत मागितली. दाखला आम्ही पहिल्या दिवसापासून सोबत नेत होतो, तेव्हा कोणी प्रत मागितली नव्हती. सही आईची लागणार म्हणून प्रत्येक वेळी ती बरोबर होती. वडिलांना जाऊन दोन महिनेही झाले नव्हते आणि तिला दर खेपेला खिडकीपाशी ‘ते वारले’ हे नव्याने सांगावे लागत होते. अर्ज मात्र आवक नोंदवहीत एकदाही चढला नाही.

शेवटी तोच गठ्ठा रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह पाठवला. नोंद मुदतीच्या आत झाली आणि एकही नवा कागद मागितला गेला नाही.

मग मी माहिती अधिकारात विचारले की, त्या वर्षी या सेवेचे किती अर्ज मुदतीबाहेर गेले? उत्तर आले, ‘निरंक’, म्हणजे एकही नाही. हे उत्तर खोटे नव्हते, आणि तेच मला जास्त लागले. जो अर्ज घेतलाच नाही, त्याला उशीर झाल्याची नोंद कुठून होणार? आमच्या चार हेलपाट्यांना सरकारदरबारी अस्तित्वच नाही.

कायद्यात अर्जाची पोच देणे बंधनकारक आहे. पोचेवर तारीख, अर्जाचा क्रमांक आणि सेवा किती दिवसांत मिळेल हे लिहायचे असते. अर्ज नाकारला तर कारणे लेखी द्यायची आणि अपील कोणाकडे करायचे तेही कळवायचे. पण मुदत मोजली जाते ती सर्व बाबतींत परिपूर्ण अर्ज मिळाल्यापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही, हे प्रत्यक्षात खिडकीवर तोंडी ठरते. तोंडी परत पाठवलेल्या माणसाच्या हातात ना पोच असते, ना नकाराचे पत्र. पहिले अपील, दुसरे अपील, त्यापुढे राज्य सेवा हक्क आयोग अशी सगळी वाट कायद्याने आखून दिली आहे, पण त्या वाटेवर पाऊल ठेवायला लागणारा कागदच त्याला मिळत नाही.

खिडकीवरच्या कर्मचाऱ्यावर माझा राग नाही. त्याच्याकडे दोन टेबलांचे काम होते, हे मी डोळ्यांनी पाहिले. शिवाय पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही किंवा उशीर केला, तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा देण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. त्रुटी असलेला अर्ज आत घेणे म्हणजे ती जोखीम अंगावर घेणे. त्यापेक्षा अर्ज दाराबाहेर ठेवलेला बरा, असे कार्यालयाला वाटणे स्वाभाविक आहे. उत्तरदायित्वासाठी ठेवलेला दंडच अर्जाला नोंदवहीपासून लांब ढकलतो आहे, आणि याचा विचार दंड वाढवा म्हणणाऱ्यांनीही करायला हवा.

माझे मागणे मोठे नाही. खिडकीवर येणारा प्रत्येक अर्ज, अपुरा असला तरी, आधी आवक व्हावा आणि त्याला क्रमांक मिळावा. कमी असलेले सगळे कागद एकाच वेळी, एकाच त्रुटीपत्रावर, सहीनिशी कळवावेत. नंतर नवी त्रुटी निघाली, तर ती आधी का दिसली नाही याचा खुलासा त्याच कार्यालयाने द्यावा. सेवा, मुदत आणि अधिकाऱ्यांची नावे लावलेला फलक कार्यालयात असणे कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याच फलकावर दर महिन्याला अर्ज किती आले, त्रुटीसाठी किती परत गेले, नाकारले किती, हे आकडेही लिहावेत. आज ‘मुदतीत निकाली’ एवढाच आकडा मिरवला जातो. ‘आपले सरकार’ पोर्टलवर अर्ज भरला की क्रमांक लगेच मिळतो, हे खरे. पण ज्यांना तो भरता येत नाही तेच खिडकीवर येतात, आणि क्रमांकाची खरी गरज त्यांनाच असते.

आमच्या शेजारच्या काकू सध्या अशाच एका नोंदीसाठी खेटे घालत आहेत. मी त्यांना पोस्टाचा मार्ग सांगितला. त्या म्हणाल्या, “नको रे बाबा, पोस्टाने पाठवलं म्हणून साहेब रागावले तर उरलेलं कामही अडेल.”

आपला,
एक वाचक