ते रान 'निरुपयोगी' नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लडाखच्या हिवाळी पर्यटनावरचा लेख वाचला. त्यात हिमबिबट्याला अर्धं पान दिलंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण सिंधूकाठच्या काटेरी झुडपांना लेखकाने 'निरुपयोगी रान' म्हटलंय, तिथे मी अडखळले.

ही झुडपं सीबकथॉर्नची. त्यांच्या आंबट नारिंगी फळांचा रस निघतो, काटेरी फांद्या कुंपणाला जातात, मुळांवरच्या गाठींतले जीवाणू हवेतला नायट्रोजन मातीत आणतात. आणखी काय करायला हवं होतं त्यांनी?

माझं खरं भांडण मात्र त्या जाळीत राहणाऱ्या पाखरासाठी आहे. व्हाइट-ब्राउड टिट-वॉर्बलर. नाव लांबलचक, पक्षी जेमतेम १० सेंटीमीटरचा, वजन १० ग्रॅमसुद्धा नाही. नराच्या डोक्यावर तांबूस टोपी, पांढरी भुवई आणि अंगावर जांभळा-निळा असा काही रंग की आसपासच्या करड्या डोंगरात तो कुठून आला असा प्रश्न पडावा. मादी बरीच फिकी. फेब्रुवारीत लेहजवळ त्याच्यासाठी मी तासभर गारठत उभी होते. जाळीच्या बुडाशी उंदीर पळाल्यासारखी हालचाल होई, बस्स. मग एकदाच तो उन्हातल्या फांदीवर आला. फोटो काढायचं राहूनच गेलं.

सेव्हर्त्सोव्ह या रशियन निसर्गअभ्यासकाने १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे बराच काळ त्याची गणना वॉर्बलरांत, म्हणजे वटवट्या पक्ष्यांत, होत असे. डीएनए तपासल्यावर तो लांब शेपटीच्या बुशटिटांचा भाऊबंद निघाला; नावात 'टिट' असलं तरी या चिमुकल्या पक्ष्यांचं कुळ खऱ्या टिट पक्ष्यांहून वेगळं. म्हणजे तो ना खरा वॉर्बलर, ना खरा टिट! उन्हाळ्यात तो उंचावरच्या जुनिपर आणि खुरट्या झुडपांत असतो, तिथेच पिसांचं अस्तर लावून गोल, झाकलेलं घरटं बांधतो. थंडीत नदीकाठच्या जाळ्यांत उतरतो.

तो संकटग्रस्त नाही, उगाच घाबरवत नाही. पण आपल्या देशाच्या पडीक जमिनींच्या अधिकृत नकाशासंग्रहातही झुडपी जमीन 'पडीक'मध्येच धरली जाते, आणि एकदा पडीक म्हटलं की तिथे तंबू, रस्ता, वाहनतळ काहीही करायला कुणाची हरकत राहत नाही. वर्तमानपत्राने तरी तो शब्द जपून वापरावा.

पुढे कधी या पक्ष्याचा फोटो छापलात, तर कृपया झुडपासकट छापा. त्याच्याभोवतीचे काटे कापू नका.

— एक नियमित वाचक