शाळा बांधताना आधी वर्गातली हवा पाहा

संपादक महोदय,

शाळेची इमारत 'हरित' आहे असे म्हटले की गच्चीवरची सौर पॅनेल दाखवली जातात, आवारातली झाडे दाखवली जातात. दोन्ही हवीतच. पण मूल दिवसाचे पाच-सहा तास ज्या खोलीत काढते, तिथल्या हवेची चौकशी कोणी करत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

मी भौतिकशास्त्र शिकवते. कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र माझ्या टेबलावर असते. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत साधारण ४२० भाग असतो. दारे-खिडक्या लावून भरल्या वर्गात तास घेतला, की मुलांच्या डोळ्यांदेखत आकडा १००० ओलांडतो आणि तास संपेपर्यंत २००० च्याही पुढे जातो. तोवर मागच्या बाकांवर जांभया सुरू झालेल्या असतात. समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या की आकडा भराभर उतरतो. खिडक्या एकाच भिंतीला असल्या तर मात्र रेंगाळतो, कारण वारा आरपार जात नाही. आणि नेमकी समोरची भिंतच आपण कपाटांसाठी, तक्त्यांसाठी बुजवून टाकतो!

उकाड्याचे मूळ बहुतेकदा छपरात असते. तापलेल्या पत्र्याखाली पंखा गरम हवाच फिरवत राहतो. पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या गांडो गावात वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये उभारलेली प्राथमिक शाळा पाहा. भिंती तिथल्याच मातीत थोडे सिमेंट घालून दाबलेल्या विटांच्या. वर्गावर फटी ठेवून रचलेले विटांचे छत आणि त्याच्या बरेच वर, लोखंडी सांगाड्यावर उचललेला पत्रा. गरम हवा फटींतून वर जाते आणि मधल्या पोकळीतून बाहेर पडते. विजेचे काम नाही. शिवाय गावकऱ्यांचे हात बांधकामाला लागलेले, म्हणजे डागडुजीसाठी कोणाची वाट पाहायला नको.

रंगकाम आणि प्लायवुडचे फर्निचर शाळा उघडण्याच्या तोंडावर उरकण्याची घाईही नको. त्या वासाबरोबर फॉर्माल्डिहाइडसारखे घातक वायू मुलांच्या छातीत जातात.

नकाशा मंजूर होण्यापूर्वी इमारतीचा उभा छेद, म्हणजे इमारत वरून खाली कापल्यास आत कशी दिसेल त्याचे चित्र, शिक्षकांना दाखवावा. हवा कुठून येणार, कुठून जाणार, हे त्यावर बाणांनी दाखवलेले असावे. पहिल्या उन्हाळ्यात, भर दुपारी, मुलांनी भरलेल्या वर्गात तापमान आणि कार्बन डायऑक्साइड मोजावा. तोपर्यंत वास्तुविशारदाचा शेवटचा हप्ता राखून ठेवावा.

– एक शिक्षिका